बीपी खरंच वाढलंय का, आणि वाढलं असेल तर हृदय कसं सांभाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४८. वार्षिक तपासणीत बीपी १५२/९६ निघालं. घरी यंत्र आणून मोजलं तर कधी १३४/८४, कधी १४८/९२. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, दम लागत नाही. गोळी सुरू करायची का? एकदा सुरू केली की ती जन्मभराची का? आणि एवढं करून हृदयविकार खरोखर टळतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते पटलं नाही तर बाकीचं सगळं कंटाळवाणं वाटेल. धोका नक्की कमी होतो. सुमारे दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. ४० ते ६९ या वयात बीपी ११५/७५ च्या पुढे गेल्यावर वरचा आकडा (१५२/९६ मधला १५२) दर २० मिमीने, म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरने, किंवा खालचा (९६) दर १० मिमीने वाढला की हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे धोका १४० ला अचानक सुरू होत नाही, तो त्याच्या बराच आधीपासून चढत असतो. उलट बाजूचा पुरावाही भक्कम आहे. औषधांच्या ४८ चाचण्यांमधल्या साडेतीन लाखांच्या आसपास लोकांची माहिती २०२१ मध्ये एकत्र तपासली गेली. वरचा आकडा नुसता ५ मिमीने उतरवला तरी हृदयाचा झटका, पक्षाघात, हार्ट फेल्युअर (हृदय कमजोर पडणं) अशा मोठ्या घटना सुमारे १० टक्क्यांनी घटल्या. आधी हृदयविकार झालेला असो वा नसो, फायदा जवळपास सारखाच होता.

मात्र हे १० टक्के प्रत्येकाच्या स्वतःच्या धोक्यातले असतात. ज्याला मधुमेह आहे, तंबाखूचं व्यसन आहे, कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, त्याचा मुळातला धोका मोठा, त्यामुळे त्याच्या पदरात फायदाही मोठा पडतो. म्हणून बीपीचा आकडा एकटा बघून निर्णय घेत नाहीत.

आता ‘त्रास काहीच नाही’ याबद्दल. वाढलेल्या बीपीने बहुतेकांना काहीही होत नाही. डोकेदुखी ही त्याची खूण समजली जाते, पण १५०-१६० ला डोकं दुखत नाही, आणि ज्यांचं दुखतं त्यांचं बहुधा दुसऱ्याच कारणाने दुखत असतं. आत मात्र काम चालू असतं. शरीरभर रक्त ढकलणाऱ्या डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. वजनं उचलणाऱ्याचा दंड जाड होतो तशी त्या कप्प्याची भिंत जाड होते, पण इथे जाडी तोट्याची ठरते. जाड भिंत नीट सैलावत नाही, त्यामुळे कप्पा भरताना आतला दाब वाढतो आणि तो मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो. चालताना दम लागायला सुरुवात होते ती इथून. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. भिंत जाड झाली की आतल्या थराला ते अपुरं पडू लागतं. मागचा वरचा कप्पा ताणून मोठा होतो आणि त्यातून एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची अनियमितता, सुरू होऊ शकते. त्यात रक्ताची गुठळी झाली तर ती मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. आणि या सगळ्याच्या जोडीला वाढलेल्या दाबाने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावत राहतं, तिथे चरबीचे थर साचतात. हे सगळं व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. त्रास सुरू होईपर्यंत थांबणं म्हणजे हे सगळं होऊ देणं.

पण गोळीचा निर्णय व्हायच्या आधी तुमचे आकडे विश्वासाचे आहेत का हे ठरवावं लागेल. माझ्या मते बीपीच्या उपचारात सर्वांत जास्त चुका होतात त्या मोजण्यात. औषध निवडताना होणाऱ्या चुका त्या मानाने कमी. १३४ आणि १४८ हे दोन्ही आकडे खरे असू शकतात आणि दोन्ही खोटेही असू शकतात.

घरचं यंत्र काय करतं ते आधी समजून घ्या. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकतात, यंत्र काहीही ऐकत नाही. दंडाचा पट्टा फुगवून हळूहळू सोडताना नाडीच्या प्रत्येक ठोक्याने पट्ट्यातल्या हवेला बारीक धक्के बसतात, ते यंत्र टिपतं. धक्के सर्वांत मोठे असतात तो सरासरी दाब. त्यावरून वरचा आणि खालचा आकडा कंपनीने बसवलेल्या सूत्राने काढला जातो. म्हणूनच मोजताना हात हलवला, बोललात, स्नायू आवळले तर आकडा बिघडतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके लहान-मोठे पडत असल्याने एका मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही. निदान तीनदा मोजून सरासरी घ्यावी लागते. आणि सूत्र प्रत्येक कंपनीचं वेगळं असल्यामुळेच, तुमचं मॉडेल स्वतंत्रपणे तपासून पास झालेलं आहे का हे महत्त्वाचं आहे. ‘स्ट्राइड बीपी’सारख्या संस्था अशा यंत्रांच्या याद्या इंटरनेटवर मोफत देतात. दंडावर बांधायचंच यंत्र घ्या. मनगटाचं यंत्र फक्त ज्यांच्या दंडाला कोणताच पट्टा बसत नाही त्यांच्यासाठी. पट्टा न फुगवता बीपी सांगणाऱ्या घड्याळांवर आज तरी उपचाराचा निर्णय घेऊ नये.

पट्ट्याचं माप ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये टेप लावून दंडाचा घेर मोजा. बऱ्याच यंत्रांबरोबर येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. मर्यादा पट्ट्यावरच छापलेली असते. घेर ३५ असताना हा पट्टा वापरला तर आकडा खऱ्यापेक्षा बराच जास्त येतो, आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर उलटं होतं, म्हणजे आजार लपतो. पट्ट्याच्या आतल्या फुगणाऱ्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के असावी, हा नियम.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवी करून या. भरलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा १० मिमीपर्यंत वाढू शकतो. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत बसा, दोन्ही पावलं जमिनीवर, पाय एकमेकांवर नकोत. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, खालून एक-दोन बोटं जातील इतपत घट्ट. बाही गुंडाळून वर सरकवू नका, तिचाच आवळ बसतो. हात बाहीतून बाहेर काढा. हात टेबलावर सैल सोडून ठेवा, असा की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला येईल. हात खाली लोंबत असेल तर प्रत्येक सेंटिमीटरमागे साधारण पाऊण मिमी वाढ दिसते. मांडीवर ठेवलेला हात १०-१२ सेंटिमीटर खाली असतो, म्हणजे आठ-नऊ मिमीची फुकटची वाढ. मग पाच मिनिटं गप्प बसा. फोन नाही, गप्पा नाहीत. एवढं झाल्यावर बटण दाबा, एक मिनिट थांबा आणि पुन्हा दाबा. दोन्ही आकडे नोंदवा.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांत मोजा. एका बाजूला सातत्याने जास्त येत असेल तर पुढे कायम त्याच हातावर मोजायचं. वरच्या आकड्यात वारंवार १५ मिमीपेक्षा जास्त फरक पडत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, कमी येणाऱ्या बाजूची रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. साठी ओलांडलेल्यांनी, मधुमेह असलेल्यांनी आणि उठताना अंधारी येणाऱ्यांनी उभं राहून एक आणि तीन मिनिटांनीही मोजावं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० मिमीने पडत असेल तर औषध बेताने वाढवावं लागतं, नाहीतर माणूस पडतो आणि मांडीचं हाड मोडून बसतो.

आता तुमच्यासाठी काम. सात दिवस, सकाळी (उठल्यावर तासाभरात, लघवीनंतर, खाण्याआधी, गोळी चालू असेल तर तिच्याही आधी) दोनदा आणि रात्री झोपण्याआधी दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून द्या, त्या दिवशीचे आकडे सहसा चढे असतात. उरलेल्या २४ मोजण्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर तुम्हाला उच्च रक्तदाब आहे. दवाखान्यातली मर्यादा १४०/९० आहे, पण घरची ५ मिमीने कमी धरतात, कारण घरी माणूस निवांत असतो. दोन्हींपैकी एकच आकडा मर्यादेबाहेर असला तरी निदान लागू होतं. पन्नाशीनंतर बहुधा वरचाच वाढतो, कारण मोठ्या रक्तवाहिन्या कडक होत जातात. अमेरिकेतल्या २०१७ च्या शिफारशींत १३०/८० लाच उच्च रक्तदाब म्हटलं आहे, युरोपातल्या २०२४ च्या शिफारशींत १४०/९० कायम आहे. इंटरनेटवर वेगवेगळे आकडे दिसतात ते यामुळे. निदानाचं नाव कुठे चिकटवायचं यावर मतभेद आहेत. १३० च्या पुढे काहीतरी करायला हवं यावर नाहीत.

नोंदवहीपेक्षा यंत्राच्या स्मृतीतले आकडे डॉक्टरांना दाखवा. माणसं नकळत चांगले आकडे लिहितात आणि वाईट आला की ‘आत्ता चुकलं’ म्हणून पुन्हा मोजतात. दवाखान्याच्या फायलीतही एक गोष्ट बघण्यासारखी असते. प्रत्येक नोंद १२०/८०, १३०/८०, १४०/९० अशी शून्यावर संपत असेल तर ते अंदाजे मोजलेलं आहे. काट्याच्या यंत्रावर हवा सेकंदाला दोन ते तीन मिमी अशा संथ गतीने सोडली तरच आकडा नीट दोन मिमीपर्यंत वाचता येतो.

दवाखान्यात जास्त आणि घरी सरासरी १३५/८५ च्या खाली, असं असेल तर ते दवाखान्यापुरतं वाढलेलं बीपी. त्याला सहसा गोळी लागत नाही, पण दरवर्षी पुन्हा बघावं लागतं, कारण अशांपैकी बऱ्याच जणांचं पुढे कायमचं वाढतं. उलटा प्रकार जास्त धोक्याचा: दवाखान्यात १२८/८०, घरी किंवा कामाच्या ठिकाणी १४५/९०. हा प्रकार नेहमीच्या तपासणीत सापडतच नाही. डॉक्टरांनी ‘नॉर्मल’ म्हटलं पण ईसीजी किंवा इकोत भिंत जाड दिसते, लघवीत प्रथिनं जातात, अशा वेळी हा संशय घ्यायचा. खात्री करायची असेल तर २४ तास दंडावर यंत्र बांधून दर २०-३० मिनिटांनी मोजतात. त्यात चोवीस तासांची सरासरी १३०/८० आणि झोपेतली १२०/७० च्या खाली हवी. झोपेत बीपी १० टक्के तरी उतरतं. ते उतरत नसेल तर झोपेत श्वास अडण्याचा आजार आणि मूत्रपिंडाचा विकार, दोन्ही शोधावे लागतात.

निदान पक्कं झालं की तपासण्या फार नाहीत, पण त्या टाळू नयेत. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा), सोडियम, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, लघवीत अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर, आणि ईसीजी. लघवीची ही तपासणी बऱ्याचदा लिहिलीच जात नाही, आणि मूत्रपिंडाला इजा सुरू झाल्याचं सर्वांत आधी तिथेच कळतं. तिशी-पस्तिशीच्या आतच बीपी वाढलेलं असेल, तीन औषधांनीही उतरत नसेल, पोटॅशियम कमी असेल, रात्री मोठ्याने घोरून दिवसा डुलक्या येत असतील, किंवा अधूनमधून एकदम घाम, धडधड आणि डोकेदुखी असं होत असेल, तर दुसरं मूळ कारण शोधा. त्यातलं अल्डोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाच्या अतिरेकाचं कारण वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आढळतं, आणि ते सापडलं तर उपचार वेगळाच असतो.

त्याआधी मात्र स्वतःच्या औषधांचा डबा तपासा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन ही वेदनाशामकं शरीरात मीठ आणि पाणी साठवतात, बीपी वाढवतात आणि बीपीच्या गोळ्यांचा जोर कमी करतात. पॅरासिटामॉल त्यामानाने बरं, पण रोज ४ ग्रॅम नेमाने घेतल्यास त्यानेही वरचा आकडा सुमारे ५ मिमीने चढतो. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टिरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या याच यादीत येतात. जेष्ठमधसुद्धा: ते रोज घेतल्यास पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत तर प्रत्येकी काही शे मिलिग्रॅम सोडियम असू शकतं, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

मिठाबद्दल नेमकं बोलूया. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, आणि त्यात सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं आलं. पाकिटावर मीठ नव्हे तर सोडियम लिहिलेलं असतं. मिलिग्रॅममधल्या आकड्याला अडीचने गुणा, की मीठ किती ते कळतं. १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. सैंधव, समुद्री, गुलाबी, सगळी मिठं बीपीच्या दृष्टीने जवळजवळ सारखीच, कारण ती बहुतांशी सोडियम क्लोराइडच असतात. वेगळं आहे ते पोटॅशियम मिसळलेलं मीठ. चीनमध्ये सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७५ टक्के नेहमीचं आणि २५ टक्के पोटॅशियमचं असं मीठ वापरल्यावर पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पण ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे, किंवा जे स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम शरीरात राखणारी लघवीची गोळी) घेतात, त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नये. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी पोटॅशियम तपासावं.

वजन एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एक मिमी उतरतो. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या गतीने, यातून बीपी वाढलेल्यांना ५ ते ८ मिमीचा फायदा होऊ शकतो. वजनं उचलायलाही हरकत नाही, फक्त श्वास कोंडून जोर लावू नका, त्या क्षणी बीपी फार वर जातं. फळं, भाज्या, कडधान्यं, कमी स्निग्धांशाचं दूध आणि थोडीच चरबी अशा आहाराने, मीठ तेवढंच ठेवूनही, १९९७ च्या एका चाचणीत बीपी वाढलेल्यांचा वरचा आकडा ११ मिमीने उतरला होता. हा एका चांगल्या गोळीइतका परिणाम आहे. दारू जितकी कमी तितकं बरं. तंबाखू सोडल्याने घरच्या यंत्रावर फारसा फरक दिसणार नाही, पण हृदयविकाराचा धोका इतक्या झपाट्याने कमी करणारी दुसरी गोष्ट नाही.

गोळी केव्हा? मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, आधी झालेला हृदयविकार किंवा पक्षाघात, ईसीजी-इकोत जाड झालेली भिंत, यांपैकी काही असेल, किंवा दवाखान्यात बीपी सातत्याने १६०/१०० च्या वर असेल, तर वाट बघू नका. गोळी आणि राहणीतले बदल एकत्रच सुरू करा. यातलं काही नसेल आणि बीपी १४० ते १५९ च्या दरम्यान असेल, तर नव्या शिफारशींचा कल लवकर सुरू करण्याकडे आहे. तीन महिने राहणीवर काम करून बघायलाही जागा आहे. माझी अट एवढीच की त्या तीन महिन्यांची तारीख आजच ठरवा. ‘वजन उतरवून बघतो’ यात माणसं पाच-पाच वर्षं घालवतात.

सुरुवातीच्या औषधांचे गट मोजके आहेत. अम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेली (रॅमिप्रिल, पेरिंडोप्रिल) आणि ‘सार्टन’ असलेली (टेल्मिसार्टन, लोसार्टन) रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाला अडवतात. क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड लघवीवाटे मीठ काढतात. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारं औषध, छातीत दुखणं, झालेला झटका, हार्ट फेल्युअर किंवा वाढलेले ठोके असतील तेव्हा. नुसत्या बीपीसाठी पहिली निवड सहसा तो नसतो. प्रिल आणि सार्टन एकत्र देऊ नयेत, फायदा वाढत नाही आणि मूत्रपिंड धोक्यात येतं. गरोदरपणात, किंवा मूल होऊ देण्याचा विचार असेल तर, हे दोन्ही गट बाद.

पुष्कळांना दोन औषधं लागतात, आणि ‘दोन’ ऐकून लोक घाबरतात. खरं तर एका औषधाचा डोस दुप्पट केला की परिणाम थोडाच वाढतो, दुष्परिणाम मात्र बरेच वाढतात. दुसऱ्या गटातलं औषध कमी डोसात जोडलं तर डोस दुप्पट करण्याच्या सुमारे पाचपट जास्त उतार मिळतो. म्हणून एकाच गोळीत दोन औषधं कमी डोसात, ही आज बहुतेकांसाठी योग्य सुरुवात आहे. फार वृद्ध, अशक्त किंवा उभं राहिल्यावर बीपी पडणाऱ्यांना एकापासून.

दुष्परिणाम आधी माहीत असले की गोळी रागारागाने बंद होत नाही. अम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, विशेषतः १० मिलिग्रॅमला. ती लघवी वाढवणाऱ्या गोळीने नीट उतरत नाही. डोस कमी करून किंवा प्रिल अथवा सार्टन यांपैकी एक जोडून उतरते. प्रिलने काहींना कोरडा खोकला येतो. सिरप पीत बसू नका, सार्टनवर बदलून घ्या. पण ओठ किंवा जीभ सुजली तर तातडीने रुग्णालय गाठा, आणि ते औषध पुन्हा कधीच नाही. क्लोरथॅलिडोनने सोडियम-पोटॅशियम उतरू शकतं आणि गाउट (युरिक अ‍ॅसिडने सांधे सुजणं) उसळू शकतो. प्रिल, सार्टन किंवा ही लघवीची गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचंच. प्रिल किंवा सार्टनवर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं, त्यामुळे घाबरून औषध बंद करू नये. त्याहून जास्त वाढलं तर कारण शोधावं. जुलाब-उलट्यांनी अंग सुकलं असेल तेव्हा ही औषधं एक-दोन दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. त्या अवस्थेत वरून डायक्लोफिनॅक घेतलं तर मूत्रपिंड एकदम बंद पडू शकतं.

अम्लोडिपिनचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागतो, बाकीच्यांनाही दोन ते चार आठवडे. तिसऱ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून डोस बदलू नका. गोळी सकाळी घ्यायची की रात्री यावर बराच वाद झाला; २१ हजारांहून जास्त लोकांवरच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. जी वेळ चुकत नाही ती तुमची वेळ.

लक्ष्य किती? झेपत असेल तर १३०/८० च्या खाली. अमेरिकेतल्या ९,३६१ लोकांवरच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली आणायचं लक्ष्य ठेवल्यावर हृदयाच्या मोठ्या घटना २५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्याच वेळी बीपी फार उतरणं, बेशुद्धी, क्षारांचा बिघाड, मूत्रपिंडाला इजा हे प्रकार वाढले. शिवाय तिथलं मोजमाप निवांत खोलीत, यंत्राने, ठरलेल्या पद्धतीने होतं. घाईच्या दवाखान्यातला १२० हा तो १२० नव्हे. ऐंशीपुढच्या अशक्त माणसाला १४० च्या आसपासही समाधान मानावं लागतं.

तीन औषधं पूर्ण डोसात, त्यातलं एक लघवीचं, आणि तरी बीपी उतरत नाही? चौथं लिहिण्याआधी गोळ्या खरोखर रोज पोटात जातात का, पट्टा बरोबर मापाचा आहे का आणि मीठ किती आहे, हे बघा. बऱ्याच ‘न उतरणाऱ्या’ बीपीचा उलगडा इथेच होतो. उरलेल्यांत, पोटॅशियम आणि मूत्रपिंड ठीक असेल तर, स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम सर्वांत उपयोगी पडतं.

तुमचं वय आणि आकडे पाहता कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन लागतं का हेही त्याच भेटीत विचारा, कारण हृदय वाचवण्यात त्याचा वाटा बीपीच्या गोळीएवढाच असू शकतो. अ‍ॅस्पिरिन मात्र फक्त बीपी आहे म्हणून सुरू करू नका. आधी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नसेल तर रक्तस्रावाचा धोका फायद्याला खाऊन टाकतो.

जन्मभराची गोळी का? बहुतेकांना हो, कारण बीपी वाढण्याचं मूळ कायम राहतं. १२४/७८ आलं म्हणजे आजार गेला असं नाही, गोळी काम करते आहे. बंद केल्यावर बीपी लगेच चढत नाही, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत चढतं, आणि मधल्या चांगल्या आकड्यांनीच माणूस फसतो. बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडिन (बीपीचं आणखी एक औषध) तर अचानक तोडूच नयेत, बीपी उसळून छातीत दुखू लागतं. मात्र दहा-पंधरा किलो वजन उतरलं, मीठ घटलं आणि घरची सरासरी सतत ११०-११५ येऊ लागली तर डॉक्टरांना सांगून डोस एकेक पायरी उतरवता येतो, थोड्यांची गोळी सुटतेही. मग पहिले काही महिने दरमहा एक आठवडा मोजायचं आणि नंतर वर्षातून दोन-तीनदा. रोज दहा वेळा मोजू नका. त्या काळजीनेच आकडा चढतो.

आणि कधीतरी एकदम १८०/१२० किंवा त्याहून वर आलं तर काय करायचं? छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, नजर धूसर होणं, गुंगी, यांपैकी काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा. यातलं काही नसेल तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. चुकलेली गोळी आठवली तर नेहमीचा एक डोस घ्या, दोन नाहीत. कोणी जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून द्यायला सांगितली तर घेऊ नका. त्याने बीपी इतकं झपाट्याने कोसळतं की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडून तिथेच पक्षाघात किंवा झटका येऊ शकतो. वर्षानुवर्षं वाढलेल्या दाबाची सवय झालेल्या रक्तवाहिन्यांना तो हळूहळू, काही दिवसांत, उतरवावा लागतो.